स्टेजखालचे पैलवान

वाकोबांना नोकरी मिळाली ती कानामुळे.

जुन्या पैलवानाचा कान चुरगळलेला असतो, असं हायस्कूलच्या हेडमास्तरांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाकोबांचा डावा कान अगदी तसाच होता, सुकलेल्या जर्दाळूसारखा. कुस्तीच्या मास्तरच्या जागेसाठी आलेल्या बाकी उमेदवारांकडे प्रमाणपत्रं होती, शिफारशी होत्या, एकाकडे तर चकचकीत परदेशी बूटही होते. पण कान सगळ्यांचे धडधाकट. हेडमास्तर खुर्चीवरून उठले, वाकोबांच्या भोवती एक फेरी मारून त्यांनी तो कान दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय हो, ह्यात कुस्त्या किती गेल्या असतील?"

वाकोबा खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सर, हा खरं तर सायकलवरून पडून..."

तेवढ्यात घंटा झाली. घंटा झाली की हेडमास्तरांना पुढचं काही ऐकू येत नसे. ते वर्गावर गेले आणि वाकोबा नोकरीला लागले.

आता, वाकोबा कुस्ती खेळलेच नव्हते असंही नाही. कॉलेजात असताना ते नेमानं खेळले आणि नेमानं हरले. एकच कुस्ती जिंकली होती, ती धोबीपछाड मारून. धोबीपछाड म्हणजे समोरच्याचा हात धरायचा, गर्रकन वळायचं, त्याला आपल्या खांद्यावरून उचलून आणायचं आणि असा आपटायचा की दगडावरच्या चादरीलासुद्धा त्याची कीव यावी. ती एक कुस्ती वाकोबांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरली. होणाऱ्या बायकोला त्यांनी पहिल्या भेटीतच ती सांगितली होती. तिनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांत अनुभव आला," वाकोबा म्हणाले.

हा माणूस खोटं बोलत नाही, नुसता अर्ध्यावर थांबतो, हे तिनं तेव्हाच ओळखलं आणि लग्नाला होकार दिला. अर्ध्यावर थांबणाऱ्याला पुढे ढकलता येतं. खोटं बोलणाऱ्याला कुठून धरायचं?

हायस्कूलला हॉल होता, पण तो भाषणांसाठी. त्यात घाम चालत नसे. कुस्तीची गादी टाकायला जागा मिळाली ती हॉलमधल्या स्टेजच्या खाली. फळ्यांचं जुनं स्टेज, त्याखाली मोडक्या खुर्च्या आणि नाटकातले पुठ्ठ्याचे डोंगर ठेवायची जागा. डोंगर एका बाजूला सारून गादी अंथरली. दार एवढंसं, की आत शिरायचं तर रांगल्यासारखंच शिरावं लागे. आणि छत? छत म्हणजे स्टेजच्याच फळ्या. मधल्या वर्गातला पोरगा ताठ उभा राहिला की टाळूला फळी. त्या फळ्यांना जागोजागी खिळ्यांची टोकं खाली आलेली.

वर गायनमास्तरांच्या तालमी चालत, खाली वाकोबांच्या. वर नाटकातला राजा मरून धाडकन पडला की खाली पैलवानांच्या अंगावर पावशेर धूळ. खाली कुणी फार जोरात आपटला की वर गायनमास्तरांची तान चुके आणि ते पायानं फळीवर ठोकत. एकदा तपासणीला आलेले साहेब ऐटीत आत शिरले, वाकायचं विसरले, आणि जे काही त्यांना दिसलं ते तारेच असावेत. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "कुस्तीचा विभाग डोळे दिपवणारा आहे."

तर अशा जागेत वाकोबा एकच वाक्य ओरडत असत. "वाक रे! वाक! डोकं फुटेल!"

ह्यात कुस्ती काही नव्हती. काळजी होती. पोराचं डोकं फुटलं तर बाप येईल, बाप आला तर हेडमास्तर येतील. म्हणून "वाक रे, वाक". पोरं त्यांना वाकोबा म्हणायला लागली ती इथून. कुस्तीचे उभे डाव शिकवायची सोयच नव्हती. धोबीपछाड तर विसराच. खांद्यावर घेतलेला पोरगा फळ्यांना चिकटला असता. मग वाकून, रांगून, खेकड्यासारखं सरकत समोरच्याचे पाय धरायचे आणि ओढायचे, ह्याला पट काढणं म्हणतात, तेवढंच काय ते पोरं शिकली. दुसरं करताच येत नव्हतं म्हणून तेच रोज केलं.

आणि पहिल्याच स्पर्धेत काय झालं! बाकी शाळांची पोरं छाती काढून उभी. वाकोबांची पोरं उघड्या मैदानात, डोक्यावर आभाळाशिवाय काही नसताना, खिळा लागेल ह्या भीतीनं कमरेत वाकून आली. समोरच्यांना धरायला काही सापडेचना. मान धरावी तर मान गुडघ्यांपाशी. ते शोधत असतानाच त्यांचे पाय गेले. एकेक पैलवान पाट काढून घेतल्यासारखा धपाधप बसला. ढाल आली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. हेडमास्तरांनी जाहीर भाषणात सांगितलं, "मी कान बघूनच माणूस ओळखतो."

तिसऱ्या स्पर्धेला डॉक्टर आले. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत. क्रीडाशास्त्रात डॉक्टर झालेले, म्हणजे ज्यांना खेळताना कुणी पाहिलं नव्हतं पण खेळावर बोलायला सगळे बोलावत. त्यांनी पोरांना पाहिलं आणि धावत वाकोबांपाशी आले.

"सर, ही पद्धत कुठली?"

"आमच्या खोलीतली."

"वा! म्हणजे तुमची स्वतःची! आणि एवढा खाली पवित्रा कशासाठी?"

"डोकं वाचावं म्हणून," वाकोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "डोकं वाचावं म्हणून... म्हणजे गुरुत्वमध्य!" आणि घरी जाऊन त्यांनी 'निम्नपवित्रा पद्धती' नावाचा लेख लिहिला. त्यात बाण काढलेल्या आकृत्या होत्या. पोरगा कोण आणि बाण कोण हे वाकोबांना कळलं नाही, पण खाली आपलं नाव दिसलं. माणूस आहे, नाव छापून आलं की कोण नाकारील? पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाकोबा हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा म्हणाले, "आहे खरं ह्यात काहीतरी." तिसऱ्यांदा वाचून झालं आणि बायकोला म्हणाले, "मला हे आधीपासून माहीत असणार. बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच."

"तुम्ही अर्ध्यावर थांबता ना," ती म्हणाली. "डॉक्टर पुढचं बोलले."

झालं! व्याख्यानं सुरू झाली, हारतुरे सुरू झाले, आणि मग एका नामांकित कॉलेजच्या प्राचार्यांनी वाकोबांना बोलावून घेतलं. हायस्कूलच्या माणसाला थेट कॉलेजात! सल्लागार म्हणून डॉक्टरही बरोबर आले. हेडमास्तर निरोप देताना रडले आणि खालच्या पैलवानांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी चुटकीसरशी सोडवला. गायनमास्तर वर असतातच, जाता-येता खाली बघतील.

कॉलेजचा कुस्तीचा हॉल पाहून वाकोबांची टोपी पडायची वेळ आली. छत बघायला मान इतकी मागे टाकावी लागे. भिंतीला आरसे, उंच खिडक्या, वरती कबुतरांना घिरट्या घालायला मोकळी जागा. नवी कोरी गादी, तिला अजून दुकानाचा वास. वाकोबा दारातून आत आले ते सवयीनं कमरेत वाकून. प्राचार्य बाजूच्या कारकुनाला म्हणाले, "बघा, केवढा मोठा माणूस आणि किती नम्र!"

पहिलं वर्ष बरं गेलं. हायस्कुलातून वाकोबांच्याच मागे आलेली पोरं होती, त्यांच्या पाठीत स्टेज अजून शिल्लक होतं. पण ताठ उभं राहण्याची चटक वाईट. एकदा लागली की सुटत नाही. पोरं आरशात स्वतःचे दंड बघू लागली. मग छाती निघाली, मग हनुवटी वर गेली. वाकोबा ओरडत, "वाक रे, वाक!" ते बघत असेपर्यंत पोरं मान खाली घालत, पाठ फिरली की पुन्हा झेंड्याच्या काठीसारखी उभी. डोक्याला काही लागतच नव्हतं, तर वाकायचं कशाला? लहान लेकरालाही कारणाशिवाय कुणी नमस्कार करायला लावलं तर ते करत नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेज हरलं. तिसऱ्या वर्षी तर असं हरलं की खालून पहिलं आलं. डॉक्टरांनी कारण शोधलं. पद्धतीचं सैद्धांतिक अंग कच्चं राहिलंय, असं ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर तक्ते लावले. पोरं तक्ते बघायला आणखी ताठ उभी राहू लागली.

प्राचार्यांनी वाकोबांना खोलीत बोलावलं. चहा मागवला नाही, ह्यावरूनच वाकोबा समजले.

"सर, ह्या वर्षीच्या आंतरकॉलेज स्पर्धेत ढाल आली तर ठीक. नाहीतर हॉल बॅडमिंटनवाले मागताहेत. तुमची व्यवस्था आम्ही ग्रंथालयात करू. पुस्तकांवर शिक्के मारायचे. बसून काम आहे."

बसून काम! वाकोबांना घरी जाईपर्यंत रस्ता दिसला नाही. शिक्के मारायला काही कमीपणा नव्हता. पण ज्याला आयुष्यात एक गोष्ट येते असं साऱ्या जगानं सांगितलं, त्याला एके दिवशी जगानंच सांगावं की तीही येत नाही, तर त्या माणसानं आरशात कुणाला बघायचं?

तशातच जुन्या हायस्कूलच्या बक्षीस समारंभाचं बोलावणं आलं, प्रमुख पाहुणे म्हणून. वाकोबा बायकोला घेऊन गेले. टेबलावर यंदाची कुस्तीची ढाल मांडलेली.

"ही कुणाची?" वाकोबांनी विचारलं.

"आपलीच की!" हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही गेल्यापासून एकही वर्ष चुकलेली नाही. गायनमास्तर बघतात ना."

गायनमास्तर पुढे आले. मऊ माणूस, गळ्यात मफलर. "मी काही नाही हो करत, सर. मी वर पेटी वाजवतो. पोरं खाली आपापली धडपडतात. मी अधूनमधून ओरडतो, वाका रे, डोकी फुटतील. तुम्ही ओरडायचात ना, म्हणून." मग लाजून म्हणाले, "मलाही आता कॉलेजचं बोलावणं आलंय. तुमच्या समोरच्याच. डॉक्टरांनी शिफारस केली. गायनाधिष्ठित निम्नपवित्रा म्हणतात म्हणे माझ्या पद्धतीला."

समारंभ उरकल्यावर वाकोबा बायकोला म्हणाले, "चल, तुला माझी जुनी जागा दाखवतो." इतक्या वर्षांत ती स्टेजखाली कधी आली नव्हती. ते वाकून आत शिरले. मागून ती शिरली आणि ठक्!

"अगं बाई!" कपाळ धरून ती गादीवरच बसली. वर पाहिलं, फळ्या पाहिल्या, खिळे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिलं, जो खेकड्यासारखा वाकून उभा होता आणि आपण वाकलोय हे ज्याच्या गावीही नव्हतं. तिला हसू यायला लागलं. आधी पदराआड, मग उघड, मग असं की तिला श्वास घेता येईना.

"काय झालं?" वाकोबा घाबरले.

"अहो... अहो, तुमची पद्धत! अहो, इथे मांजर आणून सोडलं असतं तरी चार दिवसांत पट काढायला शिकलं असतं! ह्या फळ्यांना मास्तर म्हणून पगार द्यायला हवा होता!"

वाकोबा हसले नाहीत. ते हळूच गादीवर बसले. वरती कुणीतरी खुर्च्या आवरत होतं, धूळ दोघांच्या डोक्यावर पडत होती. ते म्हणाले, "म्हणजे मी काय केलं इतकी वर्षं?"

तिचं हसू थांबलं. ती त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकत म्हणाली, "डोकी फुटू दिली नाहीत. तेही काही कमी नाही. पण आता काय करायचं ते बोला, अर्ध्यावर थांबू नका."

दुसऱ्याच दिवशी वाकोबा प्राचार्यांच्या खोलीत जाऊन खरं खरं बोलले. स्टेज सांगितलं, खिळे सांगितले. कानाची सायकलसुद्धा सांगितली. म्हणाले, "पद्धत वगैरे काही नाही. छत बुटकं होतं. इथे छत उंच आहे, म्हणून हरतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "सर, हे बाहेर बोलू नका. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक."

डॉक्टर तिथेच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. "काय ही विनम्रता! सगळं श्रेय छताला!" पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी वाकोबांची बाही धरली आणि कुजबुजले, "सर, माझ्या हाताखालची दोन मुलं तुमच्यावर प्रबंध लिहिताहेत. त्यांचे संसार आहेत. असं नका करू."

खरं बोलून नोकरी जाते असं वाकोबांनी ऐकलं होतं. खरं बोलूनही जात नाही, उलट कौतुक होतं, आणि तरी काहीच उपयोग होत नाही, हा अनुभव नवा होता.

तोडगा काढला बायकोनं. ती कपडे वाळत घालत होती. वाकोबा घरात येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला दोरीखालून वाकून जात होते. "थांबा," ती म्हणाली. "आता ताठ चालत या." ते आले. ओल्या चादरीची चापट फाडकन तोंडावर बसली. पुढच्या फेरीला न सांगता वाकले.

"न्या ही दोरी," ती म्हणाली.

कॉलेजच्या त्या भव्य हॉलमध्ये ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत छातीच्या उंचीवर आडव्यातिडव्या दोऱ्या लागल्या, आणि त्यांवर ओले पंचे, ओल्या चादरी, संघाचेच धुतलेले कपडे. जो ताठ होईल त्याच्या तोंडावर गार पंचा. पोरं आधी खिदळली, मग शिंकली, मग वाकली. आठवड्याभरात खेकडे तयार झाले. डॉक्टर पाहायला आले, कुणाच्या तरी ओल्या विजारीचा पाय त्यांच्या गळ्यात पडला, आणि ते तिथल्या तिथे उद्गारले, "आर्द्र मर्यादा!" नवा तक्ता लागला. तो दमट हवेनं दुपारीच गळून पडला.

एक पोरगा मात्र वाकेना. सगळ्यांत जड वजनगटातला, ताडमाड उंच. पोरं त्याला जिराफ म्हणत. गुडघे वाकवले तर मान वर, मान खाली घातली तर कंबर वर. दिवसभर तोंडावर पंचे खाऊन त्याला कायमची सर्दी झाली.

"सर, मला काढून टाका," तो नाक पुसत म्हणाला. "माझ्या आईनंही सांगितलं, तुझी हाडं मोडतील पण वाकायची नाहीत."

त्या दिवशी नेमके वाकोबांच्या घरी पाहुणे येणार होते, चादरी धुवायच्या होत्या, म्हणून बायकोनं दोऱ्या मागवून नेल्या होत्या. हॉल मोकळा होता. वाकोबांनी त्या लांबलचक पोराकडे खालून वरपर्यंत पाहिलं, आणि कुठून कोण जाणे, त्यांना आपली ती एकुलती एक कुस्ती आठवली. इतकी वर्षं ती नुसती सांगितली होती. कुणाला शिकवली नव्हती. स्टेजखाली शिकवता आली नसती, आणि इथे आल्यावर 'वाका' म्हणण्याच्या नादात आठवली नव्हती.

"इकडे ये. माझा हात धर. असा नाही रे, मनगटाच्या वर. आता वळ. अरे, पाठ माझ्याकडे कर, मी काही तुझ्यावर रुसणार नाही. कंबर आत घाल. हं, आता मला आण खांद्यावरून."

"सर, तुम्हाला लागेल."

"लागू दे. इतके दिवस कुठे काय लागलंय!"

जिराफनं त्यांना आणलं. हॉलचं छत, कबुतरं, खिडक्या, सगळं वाकोबांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि ते गादीवर पडले. पडल्या पडल्या म्हणाले, "पाय चुकला. पुन्हा." पुन्हा आपटले. म्हणाले, "आता हात चुकला." असं होता होता ज्या वेळी काहीच चुकलं नाही त्या वेळी वाकोबांची कंबर धरली. उठले ते काटकोनात. शेक झाला, लेप झाला, पण कंबर सरळ होईना. प्राचार्य म्हणाले, "पद्धत अंगात मुरली." वाकोबा स्पर्धेला गेले ते तसेच, जमिनीवर हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखे.

स्पर्धेत दाराशीच गायनमास्तर भेटले. मफलर अस्ताव्यस्त, डोळे खोल गेलेले. "सर, माझी पोरं उभी राहायला लागली हो! एकच वाकतो अजून, तो यंदाच हायस्कुलातून आलाय. तुम्ही काय करता, सांगा ना?"

"दोरी बांधा आणि कपडे वाळत घाला," वाकोबा खालच्या खाली म्हणाले.

गायनमास्तर दुखावले. "नसेल सांगायचं तर नका सांगू, सर. थट्टा कशाला करता?"

खेकड्यांनी काम केलं. कुस्त्या होत गेल्या, गुण जमत गेले, आणि शेवटी वाकोबांचं आणि गायनमास्तरांचं कॉलेज बरोबरीत आलं. उरली ती शेवटची कुस्ती, सगळ्यांत जड गटातली. इकडून जिराफ. तिकडून गायनमास्तरांचा तो यंदाचा, हायस्कुलातून ताजा ताजा आलेला. स्टेज त्याच्या पाठीत अजून ओलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य, डॉक्टर, आणि बाजूला वाकोबांची बायको. ढाल टेबलावर. ग्रंथालयातला शिक्का कुठे आहे ते वाकोबांना माहीत होतं. येताना त्यांनी पाहून ठेवला होता.

शिट्टी झाली. तिकडचा वाकून आला. जिराफही, पंचे आठवून, जमेल तेवढा वाकला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली आणि तिथेच राहिली. हाही खाली, तोही खाली. पाय कुणाचेच सापडेनात. हायस्कूलची फळी विरुद्ध घरची दोरी. पंच भोवती एक फेरी मारून आले, घड्याळ बघून आले. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, काही पडलंय का तुमचं?"

डॉक्टर वाकोबांच्या कानाशी आले. "सर, आणखी खाली! आणखी खाली जायला सांगा! पद्धत!"

प्राचार्य मागून म्हणाले, "वाकायला सांगा, सर, वाकायला!"

जिराफनं मान तिरकी करून वाकोबांकडे पाहिलं. नाक वाहत होतं, आणि डोळ्यांत असं काहीतरी होतं, की सर सांगतील ते करीन, पण सर, लवकर सांगा. वाकोबांच्या तोंडात सवयीनं "वाक" आलंच होतं. आयुष्यभर दुसरं काही आलं नव्हतं. जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं, आणि त्यांनी ते गिळलं.

"उभा राहा!" वाकोबा ओरडले. "ऊठ रे! ताठ! ताठ हो!"

आणि ओरडता ओरडता ते स्वतःच ताठ झाले. कडाड् असा आवाज झाला. पहिल्या रांगेला वाटलं खुर्ची मोडली. वाकोबांची कंबर होती ती, सुटली.

जिराफ उठला. उठतच राहिला. समोरच्या पोरानं जन्मात कुणी एवढं वर जाताना पाहिलं नव्हतं. तो बिचारा बघायला म्हणून जरासा वर आला, तेवढ्यात त्याचा हात सापडला, मनगटाच्या वर. जिराफ वळला. कंबर आत. आणि मग त्या पोराचा उंच छताशी पहिला परिचय झाला, आणि लगेच गादीशी.

चितपट!

हॉल उभा राहिला. प्राचार्यांनी टाळ्या वाजवत बाजूच्यांना सांगितलं की मोठ्या हॉलचा आग्रह पहिल्यापासून त्यांचाच होता. डॉक्टर क्षणभर भुईला खिळल्यासारखे झाले, मग सावरून म्हणाले, "ऊर्ध्व पुरवणी! निम्नपवित्रा पद्धतीची ऊर्ध्व पुरवणी! सर, ही पुरवणी तुम्ही आम्हाला कळूच दिली नाहीत!" गायनमास्तर मफलरनं डोळे पुसत होते. वाकोबांनी त्यांना बाजूला घेऊन पुन्हा एकदा सगळं नीट सांगितलं, छत, दोरी, सगळं. गायनमास्तरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं.

जिराफ मात्र धावत आला तो सरळ वाकोबांकडे. "सर, पाय बरोबर पडला ना?"

"पडला," वाकोबा म्हणाले. "हात जरा चुकला."

घरी जाताना बायकोनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ते ताठ चालत होते. इतक्या वर्षांत तिला प्रथमच कळलं की नवरा आपल्यापेक्षा उंच आहे.

"ही कुस्ती फळ्यांनी शिकवलेली नव्हती हो," ती म्हणाली.

"नव्हती," वाकोबा म्हणाले. आणि पुढे काहीतरी बोलणार होते, पण घराचं दार आलं आणि कपाळ चौकटीवर आपटलं. वाकायचं राहून गेलं होतं. कपाळ चोळत ते असे हसले की शेजारची खिडकी उघडली.

वाकोबांचा हॉल राहिला, शिक्का ग्रंथालयात राहिला. ढाल कॉलेजच्या दर्शनी काचेच्या कपाटात गेली, आणि तिच्या शेजारी, मखमलीवर गुंडाळून, पद्धतीचं ऐतिहासिक साधन म्हणून ती दोरी. प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. एकदा असेच पाहुणे जमले असताना वाकोबांची बायको आली, कमरेवर हात ठेवून कपाटापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अहो प्राचार्य, ती ढाल ठेवा तुम्ही खुशाल. पण कुलूप काढा. दोरी माझी आहे, आणि घरी धुणं पडलंय."